काटा चुकीच्या जागी लावलाय

१ सप्टेंबर २०१९ ला मोटार वाहन कायद्यातल्या सुधारणा लागू झाल्या तेव्हा आपल्या सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता. हेल्मेट नसलं तर किती, सिग्नल तोडला तर किती, आणि अमक्याच्या स्कूटरच्या किमतीपेक्षा पावतीच कशी मोठी झाली. त्याच सुधारणांमध्ये कलम १९४ पण बदललं, त्याकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. हे कलम ओव्हरलोड ट्रकचं. आधी दंड होता २,००० रुपये आणि वर जादा टनामागे १,०००. तो झाला २०,००० आणि वर टनामागे २,०००. ट्रक थांबवून वजन करू द्यायला नकार दिला तर थेट ४०,०००. आपल्या महाराष्ट्रात सगळेच नवे दंड २०१९ मध्ये लांबणीवर पडले (निवडणूक तोंडावर होती, कोण कशाला हात घालतोय) आणि नवं तडजोड शुल्क लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. ते असो.

तेव्हापासून ओव्हरलोडचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक आपला, म्हणजे कारमध्ये एसी लावून बसलेल्यांचा: "बरं झालं, या ट्रकवाल्यांना असंच ठोकायला पाहिजे." दुसरा ट्रकवाल्यांचा: "आरटीओ जगू देत नाही." मला दोन्ही सूर पटत नाहीत. दंड कमी की जास्त हा प्रश्नच मुळात गैरलागू आहे. वजनकाटा चुकीच्या जागी लावलाय आणि पावती चुकीच्या माणसाच्या नावावर फाडली जातेय, असं माझं म्हणणं आहे. आणि हे दुरुस्त करायला लागणारी सगळी माहिती सरकारी सर्व्हरवर आज पडून आहे, याचा मला जास्त राग येतो.

आधी थोडं गणित. कंटाळा आला तर पुढचे चार परिच्छेद सोडा, पण मग पावसाळ्यात खड्ड्यांवर बोलायचा अधिकारही सोडा :-)

१९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ एक प्रयोग झाला. मुद्दाम रस्ते बांधले, वेगवेगळ्या जाडीचे, आणि त्यांच्यावरून वेगवेगळ्या वजनाचे ट्रक गोल गोल फिरवले, दोन वर्षं. ट्रक चालवायला सैन्यातले जवान होते. एकूण अकरा लाखांहून जास्त वेळा आस रस्त्यावरून गेले. त्यातून जे निघालं ते जगभरचे रस्ते बांधणारे आजही वापरतात: रस्त्याचं नुकसान आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं. वजन दुप्पट, तर नुकसान सोळापट. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ३७ या डांबरी रस्त्यांच्या संहितेत घातांक ३.८९ आणि ४.५३ असे येतात, एक तडे जाण्यासाठी, दुसरा चाकोरी पडण्यासाठी. पण ढोबळमानाने चारच.

आता आपल्याकडचे आकडे टाकून बघा. रस्ता मोजायचं माप म्हणजे 'प्रमाण आस', ८० किलोन्यूटनचा, म्हणजे साधारण ८.१६ टन. मागच्या चार टायरच्या आसावर २०१८ पर्यंत १०.२ टनांची मर्यादा होती. त्या आसाची एक फेरी म्हणजे सुमारे अडीच प्रमाण आस. त्याच आसावर १६ टन टाकले की एक फेरी म्हणजे जवळजवळ पंधरा प्रमाण आस. माल वाढला दीडपट, रस्ता खाल्ला सहापट! आणि तुमच्या माझ्या कारचं म्हणाल तर आसावर जेमतेम ०.६ टन. ११.५ टनांचा एक आस एकदा गेला की कारचे सव्वा लाखाहून जास्त आस गेल्याइतकं काम होतं. म्हणजे रस्त्याच्या हिशेबात आपण नाहीच. रोज सकाळी हायवेवर जे लाखभर लोक कारमधून ऑफिसला जातात, ते सगळे मिळून रात्री गेलेल्या एका ट्रकची बरोबरी करतात.

रस्ता डिझाइन करताना इंजिनिअर पंधरा-वीस वर्षांत किती दशलक्ष प्रमाण आस जाणार याचा अंदाज बांधतो आणि त्यावर थराची जाडी ठरवतो. तो अंदाज दुपटीनं चुकला तर वीस वर्षांचा रस्ता दहा वर्षांत जातो. मग आपण म्हणतो ठेकेदारानं डांबर खाल्लं. खाल्लंही असेल, त्याची वकिली मी करत नाहीये. पण ठेकेदार चोख असला तरी हा रस्ता टिकणार नव्हता.

हे गणित सरकारला माहीत नाही असं समजू नका. संहिता त्यांचीच आहे. आणि तरीही जुलै २०१८ मध्ये केंद्रानं मर्यादाच वाढवली. मागचा चार टायरचा आस १०.२ वरून ११.५ टन, जोडआस १९ वरून २१ टन. दोन आसांचा १६.२ टनांचा ट्रक एका अधिसूचनेनं १८.५ टनांचा झाला. जास्तीत जास्त वजन ४९ वरून ५५ टन. अधिसूचनेची तारीख १६ जुलै, आणि २० जुलैपासून देशभर ट्रकवाल्यांचा संप. योगायोग म्हणा हवं तर.

११.५ भागिले १०.२, त्याचा चौथा घात. उत्तर १.६. म्हणजे कायदा पाळणारा ट्रकच एका रात्रीत रस्त्याला साठ टक्के जास्त त्रास द्यायला लागला. रस्ते तेच, पूल तेच. यावर दोन उत्तरं देतात. एक, युरोपात चालकआसाची मर्यादा ११.५ टनच आहे. आहे, खरं आहे. तिथं त्या आकड्यासाठी बांधलेले रस्तेही आहेत आणि तो आकडा पाळलाही जातो. आपण फक्त आकडा आणला. दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक आहे: "एवीतेवी सगळे ओव्हरलोड भरतातच, मग निदान कायदेशीर करू." हा म्हणजे टेस्ट फेल होते म्हणून टेस्टच बदलण्याचा प्रकार. आमच्याकडे असं करणाऱ्याला कोड रिव्ह्यूमध्ये सगळ्यांसमोर सोलतात.

आणि ट्रकवाल्याचा तरी फायदा झाला का? कागदावर झाला. प्रत्यक्षात देशातल्या ट्रकांची माल वाहायची ताकद वाढली, माल तेवढाच राहिला. भाडं कुठल्या दिशेला जाणार हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. २०१९ मध्ये अवजड ट्रकची विक्री आपटली तेव्हा कारणांच्या यादीत मंदीबरोबर हे नवे आसभारही होते.

आता मूळ मुद्दा. ओव्हरलोड होतो का? ट्रकमालक लोभी म्हणून? थोडा असेलही, कोण नसतं. पण हिशेब बघा. भाडं टनावर मिळतं, खर्च फेरीवर होतो. डिझेल थोडं जास्त जातं, बाकी हप्ता, विमा, टोल, ड्रायव्हरचा भत्ता सगळं तेच. पासिंगच्या वरचा प्रत्येक टन जवळजवळ निव्वळ नफा. समजा टनाला १,२०० रुपये भाडं आहे (आकडा माझा, हिशेबापुरता) आणि पाच टन जास्त भरले. फेरीमागे ६,००० सुटले. जुन्या दंडानं पकडले गेलात तर ७,००० जायचे. म्हणजे जवळपास दर फेरीला पकडलं तरच तोटा. सरळ धंदा होता तो, दंड नव्हता. नव्या दंडानं ३०,००० जातात. म्हणजे पाचातल्या एका फेरीला पकडलं तरी बरोबरीत सुटतो. पाचात एकदा? आपल्या रस्त्यांवर? रोज रात्री हायवेच्या कडेला उभे राहून मोजा.

शिवाय दंड वाढला की अजून एक गोष्ट वाढते, तिच्याबद्दल कुणी अधिसूचना काढत नाही. दंडाची रक्कम ही लाचेची कमाल मर्यादा असते. ७,००० चा दंड असताना कुणी ८,००० लाच देणार नाही. ३०,००० चा झाला की रस्त्यावर उभ्या माणसाच्या हातात वाटाघाटीला भरपूर जागा आली. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या २०२० च्या अहवालानं देशातले ट्रकवाले वर्षाला सुमारे ४८,००० कोटी रुपये लाच देतात असा अंदाज मांडला होता. अंदाज आहे, कुणी पावत्या जपून ठेवत नाही. पण निम्मा धरला तरी तो एक समांतर टोल आहे, आणि त्यातून एक फूटही रस्ता होत नाही.

'कडक अंमलबजावणी' हा आपला लाडका शब्दप्रयोग. तीन लोकांना पकडलं आणि तीस हजारांची पावती फाडली म्हणजे कडक. कायदा काय म्हणतो ते वाचलंय का कुणी? कलम १९४ मध्ये दंडाच्या पुढेच लिहिलंय की जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ द्यायची नाही. उतरवण्याचा खर्चही गाडीवाल्याचा. हे काही २०१९ चं नवं शहाणपण नाही. त्याआधीही कलम ११४ मध्ये माल उतरवायला लावायचा अधिकार होताच. काही राज्यं तेव्हा ठोक रक्कम घेऊन कार्डं किंवा टोकन द्यायची, की हे दाखवा आणि ओव्हरलोड खुशाल फिरा. परमजित भसीन खटल्यात नोव्हेंबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मोडून काढलं. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं: तडजोड शुल्क भरलं म्हणून जादा वजन घेऊन पुढे जायचा परवाना मिळत नाही, माल उतरलाच पाहिजे.

त्याला वीस वर्षं होऊन गेली. मला सांगा, हायवेच्या कडेला उतरवून ठेवलेला जप्त माल तुम्ही शेवटचा कधी पाहिला? मी कधीच नाही. कारण आठ टन वाळू उतरवायची कुठे? हमाल कोण बोलावणार, दुसरी गाडी कोण आणणार, रात्रभर राखण कोण करणार? कायदा म्हणतो मालकाच्या जबाबदारीवर. वायुवेग पथकाचा इन्स्पेक्टर जीपमध्ये आलाय, त्याच्याकडे ना आवार, ना गोदाम, ना क्रेन. कित्येकदा काटासुद्धा नसतो. कलम ११४ प्रमाणे पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत काटा असेल तर तिथं गाडी न्यायला सांगता येते. नसेल तर? तर टायर किती दबलेत, पाटे किती सपाट झालेत, हे नजरेनं बघून काय ते 'ठरतं'. आणि पावती फाडून तोच ट्रक, तोच माल घेऊन, त्याच रस्त्यावरून पुढे जातो. रस्त्याला पावती दिसत नाही हो. त्याला पंधरा प्रमाण आसच दिसतात.

२००८ च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांतही हीच गंमत होती. ओव्हरलोड गाडीला दहापट टोल, आणि जादा माल उतरवल्याशिवाय नाका ओलांडू द्यायचा नाही. आता टोल चालवणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवा. मागे अर्धा किलोमीटर रांग, समोर चाळीस टनांचा ट्रक, दोन हमाल पण हाताशी नाहीत. तुम्ही काय कराल? तेच तो करतो.

मग सीमेवरचे नाके? महाराष्ट्रानं सीमेवर बावीस ठिकाणी आधुनिक तपासणी नाके उभे केले, बीओटी तत्त्वावर, इलेक्ट्रॉनिक काटे वगैरे घेऊन. गुजरातनं आपले नाके नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद केले, मध्य प्रदेशानं जुलै २०२४ मध्ये, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्रानंही बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. कारण सगळ्यांचं एकच: जीएसटी आला, रांगा नकोत, आणि तिथल्या 'एन्ट्री'बद्दल तर बोलायलाच नको. कारण मला मान्य आहे. पण नाका गेल्यावर उरतं काय? फिरती पथकं. म्हणजे जिथं निदान काटा होता, छप्पर होतं, कॅमेरा लावता येत होता, ती जागा गेली, आणि उरला काळोखात हात दाखवणारा माणूस. रोग नाक्यात नव्हता, कुणाला थांबवायचं हे एका माणसानं ठरवण्यात होता. तो अधिकार तसाच आहे, फक्त आता फिरतो.

आमच्या सोसायटीसमोर एक टॉवर उभा राहतोय. वाळू रात्री येते, अकराच्या पुढे. एकदा झोप उडाली म्हणून खाली उतरलो तर गेटवर दहा टायरी हायवा उभा, मागून पाणी गळतंय. ड्रायव्हर चहा पीत होता, पन्नाशीचा माणूस. म्हटलं, "काका, किती ब्रास?"

"सहा."

"आणि पासिंग?"

"पासिंग कागदावर, साहेब. चार भरून नेली तर उद्यापासून दुसऱ्याची गाडी लागंल."

एवढंच बोलणं. पण सगळी अर्थव्यवस्था त्यात आली. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. कोरडी वाळू धरली तरी ब्रासला साधारण साडेचार टन. सहा ब्रास म्हणजे २७ टन, नुसती वाळू. ओली असेल तर जास्तच, आणि ती तर गळत होती. २८ टनांच्या गाडीत रिकामं वजन दहा-अकरा टन गेलं की मालाला सतराच्या आसपास उरतात. म्हणजे चार ब्रासला जेमतेम जागा. सहा ब्रासचा ट्रक ३७-३८ टन भरतो.

आता बघा गंमत. महसूल खातं वाळू मोजतं ब्रासमध्ये. परिवहन खातं मोजतं टनांमध्ये. वाळूचा वाहतूक पास 'महाखनिज' प्रणालीवर ऑनलाइन निघतो, त्यात गाडीचा नंबर असतो आणि किती ब्रास ते असतं. गाडीचं नोंदणीकृत वजन आणि रिकामं वजन 'वाहन' डेटाबेसमध्ये असतं. दोन्ही सरकारचेच. गाडी नंबरवर जॉइन मारायचा, ब्रासला साडेचारानं गुणायचं, रिकाम्या वजनात मिळवायचं, आणि उत्तर पासिंगच्या वर गेलं तर पास द्यायचाच नाही. मी फुशारकी मारत नाही, पण कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलं याहून अवघड प्रोग्राम लिहितात. पास सहा ब्रासचा निघत असेल तर ओव्हरलोड सरकारच्या सहीनं होतोय. पास चारचा आणि गाडीत सहा असेल तर ती सरळ चोरी आहे, दोन ब्रासची, आणि ती जिथं भरली तिथं पकडायची.

वाळू सोडा, ती तशीही अर्धी अंधारातली. दिवसाउजेडी चालणारे धंदे घ्या. चंद्रपूरचा सिमेंट कारखाना, जालन्याची स्टीलची भट्टी, वणीचा कोळसा. या सगळ्यांच्या गेटवर स्वतःचा काटा आहे. ट्रक आत येताना रिकामा तोलतात, बाहेर जाताना भरलेला. कारण माल वजनावर विकतात, एक पोतं इकडचं तिकडं झालेलं त्यांना चालत नाही. त्या काट्यावर वैधमापनचा शिक्का आहे, त्यांच्या कॉम्प्युटरवर काटा पावती आहे, वेळेसकट. ट्रक रस्त्याला लागायच्या आधीच त्याचं वजन वीस-वीस किलोच्या फरकानं जगाला माहीत आहे! आणि आपण काय करतो? तो ट्रक तीनशे किलोमीटर रस्ता चेपत गेल्यावर एका इन्स्पेक्टरला टॉर्च घेऊन त्याचे पाटे बघायला लावतो.

साखर कारखान्याचं तर विचारूच नका. गळीत हंगामात ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून ऊस येतो, प्रत्येक खेप काट्यावर चढते. शेतकऱ्यांची तक्रार काटामारीची, की वजन कमी दाखवतात. म्हणजे कारखान्याच्या कागदावर खेप कमी भरते आणि रस्त्यावर जास्त. पण त्या 'कमी' वजनानंही किती ट्रॉल्या पासिंगच्या वर जातात, हे कारखान्याच्या रेकॉर्डवरून एका दुपारी काढता येईल. कुणी काढत नाही.

तुम्ही म्हणाल, कायद्यात माल भरणाऱ्याला धरता येतं कुठे? येतं. कलम १९४ ची भाषा 'जो चालवतो' एवढ्यावर थांबत नाही, 'जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो' तोही त्यात आहे. कलम ११३ मध्ये तर असंही आहे की ड्रायव्हर मालक नसेल तर ओव्हरलोड मालकाच्या माहितीनं किंवा हुकमानं झाला असं न्यायालय गृहीत धरू शकतं. हेच गृहीतक माल पाठवणाऱ्याला लावायला काय हरकत आहे? त्याच्याकडे तर माहितीचा छापील पुरावा आहे, त्याच्याच काट्याचा. आज होतं ते उलटं. चाळीस टन भरायचा निर्णय कारखान्याच्या एसी ऑफिसात होतो, आणि घाटात त्याची किंमत भरतो महिन्याला काही हजारांवर काम करणारा ड्रायव्हर.

किंमत म्हणजे नुसती पावती नव्हे. २८ टनांचा ट्रक शंभर मीटर उंची उतरतो तेव्हा साधारण २७ मेगाज्यूल ऊर्जा कुठंतरी मुरवावी लागते. शहाऐंशी-सत्त्याऐंशी लिटर पाणी उकळेल एवढी. तीच गाडी ३८ टनांची केली की ३७ मेगाज्यूल. यातली काही इंजिन खातं, गाडी गिअरमध्ये असली तर. बाकी ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. ब्रेक कंपनीनं २८ टनांचे बसवलेत. मालकानं जास्तीचे कमानपाटे बसवून घेतले म्हणजे गाडी वाकत नाही, पण ब्रेक काही वाढत नाहीत. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार पुण्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथं एका अवजड गाडीनं कितीतरी गाड्या उडवल्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला कंटेनर ट्रकच्या अपघातात आणि आगीत आठ जण गेले. हे अपघात ओव्हरलोडमुळे झाले असा माझा दावा नाही, न्यूट्रल, उतार, वेग, रस्त्याची आखणी सगळंच त्यात येतं. पण त्या उतारावरून रोज रात्री उतरणाऱ्या गाड्यांपैकी कितींचं वजन ब्रेकच्या ताकदीत बसतं, हा प्रश्न दर अपघातानंतरच्या पाहणीत कुणी विचारलेला मी वाचलेला नाही. रम्बलर मारतात, कॅमेरे लावतात, वेगमर्यादा उतरवतात. वजनाचा काटा तेवढा कुणी आणत नाही.

"पण छोट्या मालकाचं काय? एका ट्रकवर घर चालतं त्याचं." हा मुद्दा मला खरा वाटतो, म्हणूनच रस्त्यावरच्या दंडाला माझा विरोध आहे. एका ट्रकचा मालक 'मी पासिंगमध्येच भरणार' म्हणाला तर त्याचं काम दुसऱ्या दिवशी शेजारच्याला जातं. प्रामाणिक राहायची त्याला किंमत मोजावी लागते, कारण नियम सगळ्यांना सारखा नाही, ज्याची 'एन्ट्री' आहे त्याला सूट आहे. गेटवरच सगळ्यांना सारखा भरला तर टनाचं भाडं वाढेल, जे आज कृत्रिमरीत्या पडलेलं आहे. वाढू दे. सिमेंटचं पोतं चार रुपयांनी महागेल, आपला फ्लॅट थोडा महागेल. आज तो फरक आपण रस्त्याच्या दुरुस्तीतून, टोलमधून आणि ससूनच्या अपघात विभागातून भरतोच आहोत.

आणि तांत्रिक अडचण म्हणाल तर ऐका. पन्नास हजारांच्या वरच्या मालाला एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागतं, त्यावर गाडी नंबर असतो. जानेवारी २०२१ पासून ते फास्टॅगशी जोडलेलं आहे, म्हणजे गाडी कुठल्या टोलवरून कधी गेली हेही कळतं. अनेक टोलनाक्यांवर चालत्या गाडीचं वजन घेणारे काटे बसवलेत. दिल्लीभोवतीच्या ईस्टर्न पेरिफेरल एक्स्प्रेसवेवर २०१८ पासून प्रवेशाच्या जागीच तसे काटे आहेत. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. ई-वे बिलात आज फक्त एक रकाना कमी आहे: भरलेल्या गाडीचं एकूण वजन, काटा पावतीच्या नंबरसकट. तो आकडा 'वाहन'मधल्या वजनाच्या वर गेला तर बिल तयारच होऊ नये. खोटा आकडा टाकला तर पहिल्या टोलच्या काट्यावर फरक दिसेल, आणि नोटीस ड्रायव्हरला नाही, बिल बनवणाऱ्या जीएसटी नंबरला जाईल. कुणी रस्त्यावर हात दाखवायचा नाही, कुणी टॉर्च मारायचा नाही. जीएसटीचे अठरा टक्के चुकू नयेत म्हणून ही सगळी यंत्रणा रात्रंदिवस चालते. दहा टन जास्त गेले तर ती डोळे मिटते, कारण तिला ते बघायला सांगितलेलंच नाही.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज लिहायला घेतलाय, आपल्या जिल्ह्याच्या आरटीओला. तीन प्रश्न आहेत. गेल्या तीन वर्षांत ओव्हरलोडच्या किती केसेस केल्या. त्यातल्या किती गाड्यांचा जादा माल प्रत्यक्ष उतरवला, कुठल्या आवारात, कुठल्या तारखेला. आणि ड्रायव्हर किंवा मालक सोडून माल पाठवणाऱ्या किती जणांवर कलम १९४ लावलं. शुल्क दहा रुपये लागतं. तुमच्यापैकी कुणी नाशिक, नागपूर, कोल्हापूरचं असेल तर मेल करा, मजकूर पाठवतो, फक्त ऑफिसचं नाव बदलायचं.